धरण आणि धरणे

संकटकाळी श्रद्धा ढळू देऊ नये, हा उपदेश आपल्या समाजात इतक्या वेळा आणि इतक्या सहजपणे केला जातो की, तो कोण करतो आणि कोणास करतो याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आम्ही ते थोडे दिले, आणि जे दिसले ते वाचकांपुढे स्पष्ट शब्दांत मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. हा उपदेश बहुधा ज्याच्या कणगीत धान्य आहे तो, ज्याची कणगी रिकामी आहे त्यास करतो. ज्याचे घर उभे आहे तो, ज्याचे घर गेले आहे त्यास करतो. उलट दिशेने तो जाताना आम्ही पाहिला नाही. पाणी डोंगरावरून सपाटीकडे उतरते. हा उपदेश मात्र सपाटीवरून डोंगराकडे चढत जातो. या दोन प्रवाहांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा या लेखाचा विषय आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. आम्ही श्रद्धेची टवाळी करणारांपैकी नाही. आपत्तीत मनुष्याला उभे ठेवणारी जी थोडी बळे आहेत त्यांत श्रद्धा हे एक मोठे बळ आहे, असे आमचे ठाम मत आहे. परंतु ज्या वस्तूला मोल असते तिचेच खोटे नाणे पाडले जाते. श्रद्धेच्या नावाने जे खोटे नाणे आज बाजारात चालत आहे ते उचलून वाजवून पाहावे, इतकाच आमचा हेतू आहे.

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस भोर आणि वेल्हे हे दोन तालुके आहेत. वेल्ह्यास सरकारने आता राजगड हे नाव दिले आहे. ते का दिले हे राजगड आणि तोरणा ज्यांनी पाहिले आहेत त्यांस सांगावयास नको. हा सगळा मुलूख जुन्या मावळांचा. येथे पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, ओढे रस्ते तोडून नेतात, खाचरे तुडुंब भरतात. आणि वैशाखात याच डोंगरांतील कित्येक वाड्यांच्या बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. या विपरीत गोष्टीचे कारण निसर्गात अर्धेच आहे. राहिलेले अर्धे मनुष्याच्या योजनेत आहे.

भोर शहराजवळ भाटघर येथे वेळवंडी नदीवर १९२८ साली मोठे धरण पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला दिले होते. तेथे त्यापूर्वीचे एक लहान धरण होतेच. या नव्या धरणाची गणना त्या काळच्या जगातील प्रचंड दगडी बांधकामांत होत असे. सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी त्यात मावते. नीरेचा डावा कालवा १८८५ पासून वाहत होता. उजवा कालवा या मोठ्या धरणाबरोबर आला. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या कोरड्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, वालचंदनगर आणि माळीनगर ही नगरे साखरेवर वसली. वेळवंडीच्या खोऱ्यातील माणसे मात्र आपली काळी आणि आपली पांढरी दोन्ही पाण्याखाली सोडून डोंगराच्या अंगाने वर सरकली. पुढे वेल्ह्यात अंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, नंतर गुंजवणी, आणि भोरात नीरा-देवघर, अशी धरणे होत गेली. एका पिढीने सोडलेली शेते पाहत दुसरी पिढी वाढली, आणि तिच्यावरही सोडण्याची पाळी आली.

भाटघरच्या या पाण्यात, भोर तालुक्यातील कांबरे बुद्रुक या गावी, शंकराचे एक जुने देऊळ आहे. त्यास कांबरेश्वर म्हणतात. देऊळ पांडवांनी बांधले अशी लोकांची समजूत आहे. इतिहासाने ती मान्य करण्याचे कारण नाही, आणि लोकांनी ती सोडण्याचेही नाही. धरण भरले की हा देव पाण्याखाली जातो आणि वर्षातील बहुतेक काळ तेथेच राहतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले म्हणजे देऊळ उघडे पडते. मग आसपासच्या गावांची माणसे दर्शनास जातात. थोड्या आठवड्यांनी पाऊस लागतो, पाणी चढते, देव पुन्हा बुडतो. दुसऱ्या वर्षी माणसे पुन्हा जातात. किती पिढ्या हे चालले आहे याचा हिशेब धरणाच्या वयावरून ज्याचा त्याने करावा.

या एका गोष्टीचे तीन अर्थ आमच्या सुशिक्षित वर्गात लावले जातात. पहिला अर्थ हौशी प्रवाशाचा. त्याच्या दृष्टीने हे एक प्रेक्षणीय स्थळ. पाण्यातून देऊळ वर आले, चला पाहून येऊ; छायाचित्र काढू, वाटेत भोरचा राजवाडा पाहू आणि दिवेलागणीस घरी परतू. या मंडळींशी आमचे भांडण नाही. पाहणे हा गुन्हा नव्हे. परंतु ज्या चिखलात उभे राहून आपण छायाचित्र काढतो तो चिखल म्हणजे कोणाचे तरी खाचर होते, एवढे त्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा अर्थ बुद्धिवाद्यांचा. ते विचारतात, ज्या देवास आपले देऊळ राखता आले नाही तो भक्तांचे घर काय राखणार? हा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. त्यात असे गृहीत धरले आहे की, श्रद्धा हा एक सौदा आहे. देवाने संरक्षण द्यावे, भक्ताने पूजा द्यावी, आणि एका बाजूने माल पोहोचला नाही तर दुसऱ्या बाजूने किंमत थांबवावी. असली श्रद्धा जगात पुष्कळ आहे हे आम्ही नाकारीत नाही. ती शहरांत अधिक आहे. परीक्षा पास झालो तर अभिषेक, नोकरी लागली तर पायी दर्शन, खटला जिंकलो तर चांदीचा मुकुट, ही आमच्या पांढरपेशा घरांतील चाल आहे, आणि ज्या देवाने नवस पुरविला नाही त्याच्याकडे आम्ही फिरकतही नाही. पण जो देव स्वतःच बुडाला आहे, ज्याच्यापाशी देण्यासारखे काही उरले नाही हे डोळ्यांना दिसते, त्याच्याकडे वर्षामागून वर्षे चिखल तुडवीत जाणारा मनुष्य नफ्याच्या हिशेबाने जात नाही, इतके तरी बुद्धिवाद्यांस कबूल करावे लागेल. मग तो कशासाठी जातो? याचे उत्तर बुद्धिवादी देत नाही. तिसऱ्या अर्थाचे लोक देतात, आणि ते चुकीचे देतात.

हे तिसरे लोक म्हणजे आमचे आजचे मुख्य प्रतिपक्षी होत. ते श्रद्धाळू असतात, निदान श्रद्धेवर बोलणारे असतात. त्यांस कांबरेश्वराची हकीकत सांगितली म्हणजे त्यांचे डोळे पाणावतात. ते म्हणतात, पाहा ही डोंगरी माणसे! घर गेले, शेत गेले, देव गेला, तरी तक्रार नाही. देवाची इच्छा म्हणून सारे सोसले. याला म्हणतात श्रद्धा, याला म्हणतात त्याग! मग ते या माणसांना वंदन करतात; आणि वंदन केले म्हणजे देणे फिटले असे त्यांस वाटते. आमचा आक्षेप येथे आहे. श्रद्धा म्हणजे सोसणे, ही व्याख्या ज्याने सोसले त्याने केलेली नाही. ज्याच्यासाठी सोसले गेले त्याने ती आपल्या सोयीसाठी केली आहे.

त्याग हा शब्द प्रथम घेऊ. याच मुलुखातील एक जुनी गोष्ट वाचकांस ठाऊक असेल. १६५९ साली अफजलखान शिवाजी महाराजांवर चालून निघाला तेव्हा विजापूर दरबाराने मावळच्या देशमुखांस फर्माने पाठविली. रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे यांस त्या वर्षीच्या जून महिन्यात फर्मान आले की खानास मिळावे, न मिळाल्यास परिणाम भोगावा. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. व्यवहारदृष्ट्या पाहिले तर त्यांची चूक नव्हती. बादशाही मोठी होती, आणि स्वराज्य त्या वेळी काही किल्ल्यांपुरते होते. कारीचे कान्होजी मात्र आपल्या पाच मुलांसह महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. पिढ्यान्‌पिढ्यांचे वतन, ज्यासाठी मावळात भाऊ भावाचा गळा कापीत असे, ते त्यांनी हातावर पाणी घेऊन सोडून दिले. यास त्याग म्हणतात. का? कारण पाणी सोडणारा हात त्यांचा स्वतःचा होता.

आता याच भोरच्या मुलुखात पावणेतीनशे वर्षांनी काय झाले ते पाहा. पुन्हा वतनांवर पाणी सोडले गेले. या वेळी अक्षरशः सोडले गेले. परंतु ते सोडणारा हात कुणब्याचा नव्हता. योजना दुसऱ्याने आखली, दगड दुसऱ्याने रचला, दरवाजे दुसऱ्याने मिटले, आणि ऊस तिसऱ्याच्या रानात वाढला. ज्याची भाकरी हिसकावली गेली त्यास उपवासाचे पुण्य लागते असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? ज्याला नाही म्हणण्याचा अधिकारच नव्हता त्याच्या हो म्हणण्याला त्याग हे नाव देणे म्हणजे शब्दाची आणि माणसाची, दोहोंची विटंबना आहे.

आमच्या प्रतिपक्ष्यांच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे, तो आम्ही लपवू इच्छीत नाही. ही धरणे काही दुष्टपणाने बांधली गेली नाहीत. १८७६ ते १८७८ या वर्षांतील दुष्काळाने दख्खनची जी दैना केली ती ज्यांनी वाचली आहे त्यांस नीरेच्या कालव्याचे मोल समजेल; त्या कालव्याचा जन्मच त्या दुष्काळाच्या पोटी झाला. पूर्वेच्या तालुक्यांत ज्या घरांतून पूर्वी दर दोन-चार वर्षांनी माणसे पोट भरण्यास बाहेर पडत, त्या घरांत आज मुले शिकत आहेत. पाणी अडवूच नये, सह्याद्रीच्या पावसाने समुद्राला जावे आणि माणदेशाने तहानेने मरावे, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. धरण आवश्यक होते असे क्षणभर सर्वस्वी मान्य करू. पण त्यामुळे देणे वाढते की कमी होते? ज्याच्या नुकसानाने आपला थोडासा लाभ झाला त्याचे आपण थोडे देणेकरी. ज्याच्या नुकसानाने आपला प्राण वाचला त्याचे आपण किती देणेकरी? प्रतिपक्षी धरणाची महती जितकी वाढवतील तितके ते स्वतःच्याच नावावर कर्ज चढवीत आहेत. आणि हे कर्ज ते फेडतात कशाने? तर स्तुतीने.

श्रद्धा म्हणजे निमूटपणा, ही कल्पना निदान महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेत तरी बसत नाही. आमचे संत देवाशी भांडलेले आहेत. नामदेव रुसतात, जनाबाई विठ्ठलाला घरातल्या माणसासारखी बोल लावते, चोखोबा आपल्यावरील अन्यायाची दाद देवाच्या दाराशीच मागतात. तुकोबांचे चरित्र पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात व्यापार बुडाला, बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. या आपत्तीनंतर त्यांनी काय केले? परंपरा सांगते की, वडिलार्जित कर्जखतांतील आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. म्हणजे दुसऱ्याकडून जे येणे होते ते सोडले. पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्याच त्याच नदीत बुडविण्याचा प्रसंग आला. तेव्हा मात्र तुकोबा देवाची इच्छा म्हणून घरी जाऊन स्वस्थ बसले नाहीत. ते काठावरच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य करून बसले. याला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे. त्यांनी देवाच्या दारी धरणे धरले.

धरणे या शब्दाचा अर्थ आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा, कारण साऱ्या वादाचा निकाल त्यात आहे. जुन्या काळी ऋणको पैसे देईना म्हणजे धनको त्याच्या दाराशी जाऊन उपाशी बसे, आणि तो उठेपर्यंत घरातल्यासही सुखाने घास गिळता येत नसे. धरणे धरणारा भिकारी नव्हे. त्याचे येणे असते. तो दीन होऊन बसलेला दिसतो, पण त्याच्या बसण्यात हक्क असतो. भक्त जेव्हा देवाच्या दारी धरणे धरतो तेव्हा तो म्हणत असतो की, तुझ्या-माझ्यात एक करार आहे, तो तू मोडलास तरी मी मोडणार नाही, आणि तू पुरा करीपर्यंत मी येथून हलणार नाही. संकटात श्रद्धा टिकवणे याचा आमच्या भाषेतील खरा अर्थ हा आहे. त्यात नम्रता आहे, पण लाचारी नाही. धीर आहे, पण विसर नाही. एकाच धातूपासून मराठीने दोन शब्द घडविले: सपाटीच्या माणसांनी डोंगरात धरण बांधले, आणि डोंगरातल्या माणसाने तेथे धरणे धरले आहे.

कांबरेश्वराकडे माणसे का जातात, या प्रश्नाचे आमचे उत्तर आता वाचकांच्या ध्यानी आले असेल. आम्ही त्यांच्या मनात शिरलो आहो असा आमचा दावा नाही. ज्याचे मन त्यास ठाऊक. परंतु कृतीचा अर्थ कृतीवरून लावता येतो. जो मनुष्य बुडालेल्या जागी वर्षानुवर्षे परत जातो तो ती जागा सोडून दिल्याचे नाकारीत असतो. सरकारी कागदांत ती जमीन जलाशय झाली असेल. त्याच्या हिशेबी ती अजून गाव आहे, कारण तेथे त्याचा देव आहे. गाळाने भरलेल्या गाभाऱ्याशी तो जेव्हा वाकतो तेव्हा तो पावतीवर सही करीत नाही. येणे बाकी आहे याची नोंद करतो.

निष्ठेसाठी मरणे सोपे आणि जगणे कठीण, याची एक साक्ष याच तालुक्यात आहे. भोर संस्थानचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव यांनी राजाराम महाराजांच्या पडत्या काळात मोगलांकडे गेलेले किल्ले परत जिंकून आणले. त्यांनी ताराबाईंशी इमानाची शपथ घेतली होती. १७०७ साली शाहू महाराज सुटून आले तेव्हा शपथ मोडावी की छत्रपतीच्या वारसावर शस्त्र धरावे, असा पेच पडला. परंपरा सांगते की आंबवडे येथे जलसमाधी घेऊन त्यांनी तो सोडविला. त्यांच्या निष्ठेपुढे आम्ही मस्तक नमवितो. परंतु सामान्य कुणब्याला अशी सोडवणूक उपलब्ध नसते. त्याच्या बाबतीत जलसमाधी त्याच्या देवाने घेतली. त्याला मात्र काठावर राहून नाचणी पेरावयाची, मुले वाढवावयाची आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावयाची असते. टिकणे म्हणतात ते हे.

श्रद्धेचे हे मानी रूप मावळाने एकदा उघड्यावर आणून दाखविले आहे. वेल्ह्याला लागूनच मुळशी आहे. तेथे टाटांच्या कंपनीने विजेसाठी धरण बांधावयास घेतले तेव्हा मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह आरंभिला. दिवस कोणता निवडला? रामनवमीचा. रामजन्माचा गुलाल उधळून माणसे बांधावर जाऊन बसली. श्रद्धा आणि प्रतिकार यांत विरोध आहे असे त्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या माणसांस वाटले नाही. तो विरोध विद्वानांस वाटतो. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर उभे राहिले, सेनापती बापट यांनी तुरुंग भोगला. आणि आमचा वर्ग? त्यातले काही देशभक्त मावळ्यांच्या बाजूने लढले, हे खरे. पण मुळशीतील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गुंतलेली होती, आणि त्यांपैकी अनेकांस जमिनीपेक्षा भरपाईचा रोकडा पैसा प्रिय वाटला, हेही तितकेच खरे. सत्याग्रह हरला. धरण झाले.

मग त्या श्रद्धेचा उपयोग काय झाला, असा प्रश्न येथे हटकून येतो. हरलेल्या सत्याग्रहाचा उपयोग हा की, त्यानंतर गाव बुडविणे ही केवळ इंजिनियराची बाब राहिली नाही. ती न्यायाची बाब झाली. अर्थात न्याय सावकाश चालतो. महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला तो १९७६ साली. म्हणजे भाटघर पुरे झाल्यास तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. हा काळ कोणी भरून काढला? सरकारने नव्हे, आम्हीही नव्हे. आपले येणे आहे हे न विसरणाऱ्या माणसांनी तो काढला. विसरणारांसाठी कायदे होत नसतात.

आता थोडे आमच्या वाचकांविषयी. पुण्याच्या घराघरांत नळाला जे पाणी येते त्यात पानशेत आणि वरसगाव यांचा मोठा वाटा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले त्याची आठवण पुण्यात अजून ताजी आहे. नदीकाठच्या पेठांत कोणत्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आले होते हे आजोबा नातवंडांस सांगत आले. ती आपत्ती खरोखरच भयंकर होती आणि पुणेकर तीतून धैर्याने उठले, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु पुण्यावर पाणी आले ते एक दिवस, आणि उतरले. अंबीच्या खोऱ्यावर आले ते उतरण्यासाठी आलेच नव्हते. पानशेत म्हटले की आम्हांस आमचा पूर आठवतो. ज्या गावांच्या जागी ते धरण बांधले त्यांपैकी एकाचे तरी नाव आमच्यापैकी कितीजणांस सांगता येईल?

दुसरी गोष्ट वारीची. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर नीरा ओलांडते तेव्हा पादुकांना नीरास्नान घडते. लाखो लोकांच्या साक्षीने होणारा हा सोहळा पाहून कोणाचेही अंतःकरण भरून यावे. नीरेच्या त्या पाण्यात वेळवंडी मिळालेली आहे. साधारणपणे याच सुमारास पाऊस लागून भाटघरचे पाणी चढू लागते आणि कांबरेश्वर बुडू लागतो. एकाच नदीच्या पाण्याने खाली देवाचे स्नान होते आणि वर देवाचे विसर्जन. खालचा सोहळा बंद व्हावा असे आम्ही म्हणत नाही. देव करो आणि तो चिरकाल चालो. पण जी श्रद्धा खालच्या काठावर टाळ वाजविते तिने वरच्या काठाकडे एकदा तरी मान वळवून पाहावे, इतके मागण्याचा आम्हांस अधिकार आहे.

स्तुतीने कर्ज फेडण्याची ही रीत कोठवर गेली आहे पाहा. भाटघरच्या जलाशयास आज येसाजी कंकांचे नाव आहे. येसाजी हे राजगडाच्या पायथ्याच्या भुतोंड्याचे. याच जलाशयाच्या खोऱ्यातले. वरसगावच्या जलाशयास वीर बाजी पासलकरांचे नाव आहे. बाजी मोसे खोऱ्याचे देशमुख, आणि हे धरण मोसे नदीवरच आहे. ज्या पुरुषांनी आपल्या खोऱ्यासाठी तलवार धरली त्यांची खोरी बुडविली आणि बुडविणाऱ्या पाण्यास त्यांचीच नावे दिली. नावे देणाऱ्यांचा हेतू आदराचा होता यात आम्हांस शंका नाही. परंतु नाव देण्यास खर्च लागत नाही, आणि ज्या आदरास काही खर्च लागत नाही त्याची आम्हांस नेहमी धास्ती वाटते.

याविरुद्ध कोणी म्हणेल की, तुम्ही देवभक्तीच्या निर्मळ गोष्टीत जमीन, पाणी, भरपाई असले ऐहिक विषय आणून तिला मळवीत आहात. आम्ही उत्तर देतो की, मळ तेथे आधीच होता. तो गाळ होऊन गाभाऱ्यात साचला आहे. ज्या शेतकऱ्याचा देव त्याच्या बांधावर उभा असतो, ज्याची सुगी आणि ज्याची जत्रा एकाच पंचांगाने चालते, त्याच्या श्रद्धेतून त्याची जमीन वेगळी काढून दाखवा. ती निघत नाही. ती निघते असे फक्त त्यालाच वाटते, ज्याच्या श्रद्धेला कधी जमिनीवर उभे राहावेच लागले नाही.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. संकटात ज्याची श्रद्धा टिकली त्याच्यापुढे मस्तक नमवावे. पण तो नमस्कार करताना आपली मूठ उघडी असावी. डोंगरातल्या माणसांस धीराचा उपदेश करणे आजपासून बंद करावे. धीर कसा धरावा हे त्यांनी आम्हांस शिकविण्यासारखे आहे. त्यांच्या सोसण्याला त्याग म्हणू नये. म्हणावयाचेच असेल तर कर्ज म्हणावे आणि त्याच्या परतफेडीस लागावे. ज्या वाड्यांच्या डोक्यावर सह्याद्रीचा पाऊस पडतो त्या वाड्यांचे हंडे वैशाखात भरल्यावाचून खालच्या कालव्यांच्या आणि शहरांच्या वाढत्या मागणीची भाषा कोणी बोलू नये. बोलल्यास सुशिक्षितांनी आपल्या सभांत, आपल्या वृत्तपत्रांत आणि आपल्या मताच्या बळावर तिला विरोध करावा. ज्यांचे पुनर्वसनाचे दावे कचेऱ्यांच्या दप्तरांत पडून आहेत त्यांच्यासाठी आमच्यातील वकिलांनी आणि लेखकांनी आपली विद्या थोडी झिजवावी. हे भूतदयेचे काम नव्हे. हे देणे आहे, आणि देणे फेडणारास पुण्य लागत नाही. न फेडणारास मात्र पाप लागते.

दाराशी धनको बसला असता घरातल्यांनी पंचपक्वान्नांचे ताट वाढून घ्यावे आणि मधूनमधून बाहेर डोकावून त्याच्या सहनशीलतेची वाहवा करावी, हे जुन्या काळच्या निर्लज्ज ऋणकोसही सुचले नव्हते. भोर-वेल्ह्याचा मनुष्य फार वर्षे आमच्या दाराशी बसला आहे. तो उठून जात नाही हीच त्याची श्रद्धा. त्याला आत घेऊन त्याचा हिशेब चुकता करणे ही आमची असेल, तर ती आता दाखविली पाहिजे.